काय मिळालं?

बागेच्या दारावर वॉचमननं मला अडवलं. गळ्यात १५०-६०० मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावलेला कॅमेरा होता. "साहेब, मोठा कॅमेरा चालत नाही. परवानगी आणा." परवानगी कुणाची, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. आमची ही बोलाचाली चालू असताना त्याच्या पाठीमागे चार हातांवर एक कुटुंब खारीला बिस्किटाचे तुकडे टाकत होतं. खार जवळ आली की मुलगा मोबाइल थेट तिच्या तोंडाशी नेई, ती पळे, की पुन्हा बिस्किट. वॉचमनचं तिकडे लक्ष नव्हतं, आणि असतं तरी त्याच्या नियमात ते बसत नव्हतं. मोबाइल म्हणजे काही कॅमेरा नव्हे!

परत फिरलो ते रस्ताभर मनात त्याच्याशी भांडतच. अरे बाबा, माझी लेन्स लांबची आहे म्हणूनच मी लांब उभा राहतो. ज्याच्याकडे लेन्स नाही त्याला जवळ जावं लागतं. मग अडवायचं कुणाला? मुद्दा बिनतोड होता, आणि घरी पोचेपर्यंत मला तो फार आवडलाही होता. चहा घेताना टिटवी आठवली आणि त्यातली हवा गेली.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. टेकडीच्या मागच्या अंगाला मुरमाड सपाटी आहे, तिथे टिटवीनं चार अंडी घातली होती. टिटवी घरटं असं बांधत नाही. चार खडे इकडचे तिकडे सरकवले की झालं. अंडी मातीच्याच रंगाची, वर काळपट डाग, समोर असूनही पायाखाली येतील अशी. मला जमिनीलगतचा अँगल हवा होता, मागचं सगळं धूसर आणि मध्ये टिटवीच्या डोळ्यापुढची लाल मांसल पट्टी. म्हणून पोटावर सरपटत गेलो. ती उठली, डोक्यावरून झेपा घेत ओरडत सुटली. मी खूश, कारण नुसत्या बसलेल्या पक्ष्यापेक्षा अंगावर येणारा पक्षी केव्हाही चांगला. दीडएकशे फोटो काढले. निघालो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते आणि मुरूम हाताला चटके देत होता. फोटोचं भरपूर कौतुक झालं. फक्त एका अनोळखी गृहस्थांनी खाली एवढंच लिहिलं होतं: "तेवढ्या वेळात सावली कोण करत होतं?"

मला प्रश्नच कळला नव्हता. नंतर वाचलं तेव्हा कळला. मे महिन्याच्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, ऊन अडवायला. ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणते आणि त्या ओल्या पोटानं अंडी गार ठेवते. तिला उठवून मी पाऊण तास ती अंडी तव्यावर ठेवली होती. आठवड्यानं पुन्हा गेलो, तर तिथे काहीच नव्हतं. मुंगूस, भटकं कुत्रं, कावळा की तो पाऊण तास, ते ठरवायला आता मार्ग नाही. फोटोग्राफरला ही सोय कायमच मिळते. जे व्हायचं ते आपण कॅमेरा बॅगेत घालून निघून गेल्यावर होतं, त्यामुळे आपला फोटो नेहमी निर्दोष सुटतो.

अंडी नेली म्हणून टिटवी समुद्र आटवायला निघाली, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. नांगरताना अंडी दिसली की तेवढा तुकडा सोडून औत वळवून नेणारे शेतकरी मी स्वतः पाहिले आहेत. त्यांना फोटो नको होता, एवढाच काय तो आमच्यातला फरक.

तर वॉचमनचा नियम चुकीचा होता, पण त्याचा संशय तेवढा चुकीचा नव्हता. शहरातल्या आणि शहरालगतच्या बागा, टेकड्या, तळी इथे छंद म्हणून वन्यजीवांचे फोटो काढणाऱ्यांना बंदी नको आणि कॅमेऱ्यावर शुल्कही नको, असं मला ठामपणे वाटतं. पण मोकळीक मागायची तर आम्ही आमचं मोजमाप बदललं पाहिजे. फोटो कसा आला हे आम्ही एकमेकांना विचारतो. तो येताना प्राण्याला काय सोडून उठावं लागलं, हे कुणी विचारत नाही.

आमची भाषाच बघा. रविवारी सकाळी टेकडीवर दोन कॅमेरेवाले समोरासमोर आले की पहिला प्रश्न असतो, "काय मिळालं?" काय दिसलं, असं नाही. ताडोब्याहून आलेल्याला विचारतात, "टायगर मिळाला का?" पक्ष्यांत नवरंग मिळतो, स्वर्गीय नर्तक मिळतो, कुणाला घुबड मिळालं नाही म्हणून रविवार फुकट जातो. बंदूक जाऊन कॅमेरा आला याचं आपल्याला कोण कौतुक, पण पिशवी तीच राहिली.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा छंद मूठभरांचा होता, कारण लेन्स परवडत नसे. मग टॅमरॉन आणि सिग्माच्या १५०-६०० लेन्स आल्या. २०१५ मध्ये निकॉनचा पी९०० आला, ८३ पट झूमचा, गळ्यात अडकवून फिरता येईल असा. आता मिररलेस कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपणहून शोधतात आणि आवाज न करता सेकंदाला वीस-तीस फोटो घेतात. खरं तर या यंत्रांनी आम्हाला मागे सरकायची मुभा दिली होती. तीस मीटरवरून पिसाची रेघन् रेघ येते, मग जवळ कशाला जायचं? पण झालं उलटंच. तीस मीटरवरून आलेला फोटो आता सगळ्यांकडेच असतो. मग वेगळा फोटो हवा, म्हणून पुन्हा जवळ. किंवा पक्ष्यालाच जवळ आणायचं.

पक्षी जवळ आणायचे दोन मार्ग आहेत, खाऊ आणि आवाज. खाऊचा प्रकार मांडवा लॉन्चवर बसलेल्या कुणालाही माहीत आहे: शेव-फरसाण हवेत उडवायचं, कुरव (सीगल) झेपावतात, मोबाइल चालू. शौकीन लोक हेच जरा सभ्यपणे करतात. शेवाळलेली फांदी शोधून रोवायची, मागची झाडी साफ करायची, फांदीच्या आड अळ्या ठेवायच्या. पक्षी येतो, नेमका तिथेच बसतो, आणि फोटोखाली लिहिलं जातं 'इन द वाइल्ड'. नुसत्या पाण्याचं कुंडं ठेवून लपणात बसणाऱ्यांशी माझं फारसं भांडण नाही. उन्हाळ्यात पाणी कुणालाही हवं असतं, माणसं आडोशाला बसलेली असतात, आणि गावातल्या एखाद्या पोराला त्यात चार पैसे सुटतात. अळ्यांचं तसं नाही. त्या आहेत तोवर पक्षी त्या फांदीला बांधलेला, आणि मांजरालाही पत्ता कळलेला.

आवाजाचा मार्ग मला जास्त वाईट वाटतो. पावसाच्या तोंडाशी नवरंग येतो, तो विणीसाठी. त्याची दोन सुरांची शीळ ही आपल्याला गोड, पण त्याच्या भाषेत ती हद्दीची दवंडी असते. झुडपात ब्लूटूथ स्पीकर ठेवून ती शीळ लावली की खरा नवरंग धावत येतो, कारण आपल्या हद्दीत दुसरा नर शिरलाय असं त्याला वाटतं. तो शोधतो, ओरडतो, पुन्हा शोधतो. शत्रू सापडत नाही, कारण तो स्पीकर आहे. आम्ही जातो, तासाभरानं दुसरा गट येतो, पुन्हा तीच शीळ. ज्या वेळात गांडुळं शोधायची, घरट्याला काड्या न्यायच्या, त्या वेळात तो भुताशी लढत असतो. फोटो मात्र अप्रतिम येतो, छाती पुढे काढलेला.

भिगवणजवळ कुंभारगावला उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) येतात. तिथल्या मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनी होड्या आणि राहण्या-जेवणाची सोय यांतून चांगला व्यवसाय उभा केला, ही आनंदाची गोष्ट आहे. रोहिताचा खरा रंग पंख उघडल्यावर दिसतो. त्यामुळे होडीतून एकदा तरी आवाज येतोच, "दादा, जरा उडवा ना." हे वाक्य मी ऐकलंय. खरं सांगायचं तर एके काळी म्हटलंही आहे. नावाड्याला कळतं की हे बरोबर नाही. त्याला हेही कळतं की पुढचं गिऱ्हाईक याच माणसाच्या सांगण्यावरून येणार आहे. मान खाली घालून तासन् तास चिखल गाळणारा पक्षी दर होडीमागे उठत राहिला तर खाणार कधी, हा हिशेब मग कुणीच करत नाही.

कायद्याचा धाक नाही म्हणून हे चालतं, असं म्हणतात. कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच आमिष दाखवणं येतं, आणि पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही येतं. त्याला अभयारण्याच्या हद्दीची अट नाही. म्हणजे मी त्या सकाळी केलं त्याला कायद्याच्या पुस्तकात काय नाव आहे, ते वाचून मला घाम फुटला होता. पण टेकडीवर ते पुस्तक वाचून दाखवायला कोण असतं? २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांत दोन्हीकडून कोंडले गेले. व्हिडिओ फिरले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तिथे फाटक होतं, गाइड होते, गाडीचा नंबर होता. चूक झाली तर धरायला माणूस होता. टेकडीवर यातलं काहीच नाही. आणि टिटवीसाठी न्यायालय स्वतःहून दखल घेईल, एवढी तिची ऐपत नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो फालतू नाही. टेकड्यांना रस्ते खाताहेत, दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी गवताला काडी लावतं, मोकाट कुत्री ससे आणि टिटव्यांची पिल्लं संपवताहेत. मूळच्या माळरानावर वनीकरणाच्या नावाखाली गिरिपुष्प या परदेशी झाडाच्या रांगा लावून ठेवल्या आहेत, त्यांत चंडोलानं कुठे जायचं? एवढं सगळं सोडून चार हौशी फोटोग्राफरांच्या मागे का लागायचं? मान्य. नुकसानीचा हिशेब मांडला तर आमचा वाटा छोटाच निघेल. पण काडी लावणारा स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवत नाही. आम्ही म्हणवतो. शिवाय कुत्र्याला मी समजावू शकत नाही, शेजारी बसलेल्या फोटोग्राफरला समजावू शकतो.

आणि याच कारणासाठी मला बंदी नको आहे. उद्या टेकडीवर रस्ता आला तर टेकडीच्या बाजूनं बोलायला कोण उभं राहतं? २०२३ मध्ये पुण्यात वेताळ टेकडीवरच्या प्रस्तावित रस्त्याविरुद्ध आणि बोगद्यांविरुद्ध लोक रस्त्यावर आले तेव्हा 'इथे नुसती झुडपं आहेत' या युक्तिवादाला उत्तर होतं, कारण वर्षानुवर्षं तिथे फिरणाऱ्यांनी काय काय राहतं ते टिपून ठेवलं होतं. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल २०२३ मध्ये आला. तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर तो उभा आहे, आणि यातले बहुतेक तुमच्या-माझ्यासारखे हौशी. मोर वाढताहेत, नीलपंख झपाट्यानं कमी होताहेत, हे त्यातूनच कळलं. त्या तीन कोटींत पुरस्कार मिळवणारे फोटो किती असतील? बहुतेक नोंदींबरोबर फोटोच नाहीत, आणि असले तर ते धूसर, पाठमोरे, फांदीआडचे. 'दयाळ, एक, सकाळी सात'. असल्या फोटोला लाइक मिळत नाही, पण वीस वर्षांनी तो दयाळ तिथे नसेल तेव्हा तो होता याचा पुरावा तेवढाच असेल.

मुंबईचं उदाहरण याहून ठसठशीत आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटर, भोवती महानगराचा वेढा. तिथल्या बिबट्यांबद्दल वर्षानुवर्षं नुसत्या भीतीच्या बातम्या छापून येत. किती आहेत, ते २०१५ साली कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे वाटेवर लावून ठेवलेल्या आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, फोटोंवरून मोजलं गेलं: पस्तीस. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरची नक्षी वेगळी असते, फोटो शेजारी शेजारी ठेवून ओळख पटवायची. हे फोटो दिसायला काही खास नसतात. पण फोटोचं काम काय असू शकतं, ते त्यांत दिसतं. सुंदर फोटो आणि सभ्य फोटो यांचं वैर आहे असंही नाही. आरे कॉलनीतल्या वारली पाड्याच्या बोळातून चाललेला बिबट्या नयन खानोलकर यांनी टिपला, आणि २०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत तो नागरी विभागात पहिला आला. त्यासाठी त्यांनी कॅमेरा लावून चार महिने वाट पाहिली. बिबट्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो त्याच्या रोजच्या वाटेनं गेला.

आणि इथेच लांबच्या जंगलापेक्षा जवळची टेकडी वरचढ ठरते, असं मला वाटतं. ताडोब्याला माणूस तीन सफारींचे पैसे भरून जातो, तीन सफारींत काहीतरी 'मिळवून' यायचं दडपण असतं. घराजवळच्या टेकडीवर उद्याही जाता येतं, पुढच्या आठवड्यातही. आज दिसला नाही तर काही बिघडत नाही. ज्याला पुन्हा यायची सोय आहे त्यानं घाई करावी, हे मला अनाकलनीय आहे. तरी करतो आपण. मीही केलीच होती.

मग करायचं काय? बागांच्या दारावर कॅमेऱ्याच्या आकाराचा नियम कशाला हवा? अंतराचा नियम लावा. फाटकावर एक पाटी पुरे: प्राण्यांना काही खायला घालू नका, पक्ष्यांचे आवाज वाजवू नका, घरटं दिसलं तर थांबू नका, पुढे चालू लागा. मोबाइलवाल्याला आणि सहाशेवाल्याला एकच. मार्च ते ऑगस्ट या काळात जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या सपाटीला चार खुंट्या आणि एक दोरी लावून तो तुकडा बंद ठेवायचा. महापालिकेच्या उद्यान विभागाला याहून स्वस्त काम वर्षभरात दुसरं करावं लागत नसेल. बाकीचं आमच्यावर. समाजमाध्यमांवरच्या अनेक फोटोगटांनी घरट्याचे फोटो स्वीकारणं बंद केलं आहे, तिथे ते फोटो कमीही झाले आहेत. कौतुक थांबलं की माणूस पोटावर सरपटत जात नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

जागेचा पत्ता देण्याबद्दल मात्र माझं मन अजून पूर्ण स्वच्छ नाही. घुबडाची जागा एकदा गटावर पडली की दोन दिवसांत झाडाखाली तीस माणसं जमतात, आणि गटात कोण कोण आहे हे कुणालाच माहीत नसतं. दिवाळीच्या सुमारास करणी-तोडग्यांसाठी घुबडं पकडणारे आजही आहेत. त्यांना आयता पत्ता आपण द्यायचा? इनॅचरलिस्टसारखी संकेतस्थळंसुद्धा संकटग्रस्त जातींच्या नोंदीचं नेमकं ठिकाण मुद्दाम अस्पष्ट करून दाखवतात. हे सगळं पटतं. पण गेल्या हिवाळ्यात एका जुन्या दगडखाणीत मला शृंगी घुबडाची जोडी दिसली आणि फोटोखाली मी फक्त जिल्ह्याचं नाव लिहिलं, तेव्हा माझ्या एका मित्राचा लगेच फोन आला. कुठे मिळालं? मी सांगितलं नाही. तो म्हणाला, "खाण सरकारी आहे. तुझ्या बापाची नाही." त्याचं चूक नव्हतं. ज्यांना आधीच माहीत आहे त्यांनी पाहायचं आणि बाकीच्यांनी त्यांचे फोटो पाहायचे, हे जुन्या वतनदारीसारखंच झालं. नव्या माणसाला पहिलं घुबड कुणीतरी दाखवलेलंच असतं. मलाही एकानं हात धरून नेऊन दाखवलं होतं.

म्हणून मी त्याला म्हटलं, पिल्लं उडू दे, मग मी स्वतः घेऊन जातो. तो काही बोलला नाही.

जूनमध्ये फोन केला. पिल्लं उडाली आहेत, येतोस का? म्हणाला, "आता जाऊन काय मिळणार तिथे?"

एकटाच गेलो. कपारीखाली खडकावर पांढरे ओघळ होते आणि खाली घुबडांनी ओकून टाकलेले राखाडी गोळे पडले होते, उंदरांच्या केसांचे आणि हाडांचे. काडीनं दोन फोडले. एकात उंदराचा अख्खा जबडा होता, पिवळ्या दातांसकट. शेजारी मापाला रुपया ठेवून त्याचा फोटो काढला. मोबाइलनंच.